बुरशीने गिळलेले ‘मेड इन इंडिया’

लाकडी खोक्यातून अवतरणारा मिलिंद सोमण ज्यांना किशोरवयात भेटला, त्यांनी आता चाळिशी ओलांडली आहे. बिद्दू यांचे संगीत लाभलेले अलिशा चिनॉयचे ‘मेड इन इंडिया’ १९९५ साली आले. एकामागून एक इच्छुक वर नाकारणारी राजकन्या, एवढीच त्या चित्रफितीची कथा. ती टीव्हीवर केव्हा लागेल याचा नेम नसे आणि रत्नागिरीत ऐन पावसाळ्यात वीज गेली की तीही संधी हुके. म्हणून ज्यांच्याकडे व्हीसीआर होता, ते गाणी कॅसेटवर उतरवून ठेवत.

या कॅसेटचा खरा शत्रू कोकणची हवा. व्हीएचएसची फीत म्हणजे अर्धा इंच रुंदीच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेले चुंबकीय कण. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, कपाटातल्या चपलाही पांढऱ्या होतात, तिथे फितीची काय कथा! गुंडाळीच्या कडेवर बुरशी चढते. अशी कॅसेट लावल्यास व्हीसीआरचे हेड चोंदते, फीत तुटू शकते आणि नंतर लावलेल्या कॅसेटलाही बुरशीची लागण होते. त्यात फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवल्यावर नवे यंत्र मिळणेही संपले.

मूळ गाणे आज इंटरनेटवर सहज सापडते. मात्र घरच्या कॅसेटवरील, बटण उशिरा दाबल्याने तुटलेली सुरुवात आणि मागोमाग आलेली साबणाची जाहिरात तिथे नसते. माळ्यावर अशी कॅसेट असल्यास ती लावून पाहण्याचा मोह टाळावा. आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी, मगच तिचे डिजिटल रूपांतर करावे.