मांजरीचे ऑपरेशन कधी? आणि नखांचे काय?

परवा सोमवारी दवाखान्याचे दार उघडतो न उघडतो तोच एक अख्खे कुटुंब आत आले. पुढे पंचाहत्तरीच्या आजी, त्यांच्यामागे सून, सुनेच्या कडेवर दीड वर्षाचा मुलगा आणि सर्वांत शेवटी शाळेच्या गणवेशात नात. नातीच्या हातात झाकणाची टोपली आणि टोपलीत मांजराचे पिल्लू. वय चार महिने. काट्यावर ठेवले, तर एक किलो आठशे ग्रॅम भरले. अंगावर पांढरा, काळा आणि तांबूस असे तीन रंग. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, म्हणून शेपूट उचलून पाहण्याआधीच मी म्हणालो, "भाटी दिसतेय."

"म्हणूनच आलोय, डॉक्टर," आजी म्हणाल्या. "ही पोरगी म्हणते ऑपरेशन करून टाका. सून म्हणते नखं काढून टाका. मी म्हणते, एक वेत होऊ द्या बिचारीचं, मग काय करायचं ते करा. आता तुम्हीच सांगा कोणाचं ऐकायचं."

या प्रश्नांची उत्तरे मी गेली तीसेक वर्षे देत आलो आहे. मात्र सुरुवातीच्या काही वर्षांतली माझी उत्तरे चुकीची होती, आणि त्यातल्या एकाची किंमत एका मांजरीने मोजली. म्हणून आजचा हा लेख.

आधी आजींचा प्रश्न घेऊ, कारण तो बहुतेक घरांत असतो. "अजून केवढीशी आहे" असे आपल्याला वाटते, पण मांजर फार लवकर वयात येते. पाचव्या-सहाव्या महिन्यात, काही वेळा चौथा सरतानाच ती पहिल्यांदा माजावर येते. गाय किंवा म्हैस माजावर आली की शेतकऱ्याला ताबडतोब कळते. मांजरीचे मात्र घरच्यांच्या लक्षात येत नाही. ती जमिनीवर लोळते, भिंतीला अंग घासते, पुढचे अंग खाली टाकून मागचे उचलून धरते आणि रात्र रात्र ओरडते. रक्त वगैरे काही दिसत नाही. त्यामुळे "डॉक्टर, हिच्या पोटात दुखतंय, नुसती लोळतेय" असे म्हणून मांजर घेऊन येणारे लोक मला दरवर्षी भेटतात. एका गृहस्थांनी तर तिला ओवा-हिंग चाटवून आणले होते.

हा प्रकार आठवडाभर चालतो. बोक्याशी संबंध आला नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू. थंड देशांत हिवाळ्यात दिवस फार लहान होतात आणि मांजरींचा माज तेवढे महिने थांबतो. आपल्याकडे दिवस तितके लहान होतच नाहीत, म्हणून जवळजवळ वर्षभर हे चालू राहते. संबंध आला की गर्भ राहण्याची शक्यता मोठी, कारण मांजरीचे स्त्रीबीज संबंध आल्यानंतरच सुटते. नेम सहसा चुकू नये अशीच निसर्गाची व्यवस्था! मग ६३ ते ६५ दिवसांत पिले. ती अंगावर पीत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकते. सात महिन्यांची, अंगाने स्वतःच अजून पिल्लू असलेली मांजर चार पिलांना पाजताना मी पाहतो, तेव्हा तिच्या पाठीचे मणके बोटाने मोजता येतात.

आणि पिलांचे पुढे काय होते? "लोक नेतात हो," असे सांगतात. एक-दोन जातात. उरलेली बाजाराच्या दिवशी पोत्यातून मंडईच्या मागे पोहोचतात. हे मला ठाऊक आहे, कारण त्यांतली जी वाचतात ती कोणीतरी दयाळू माणूस माझ्याच टेबलावर आणून ठेवतो.

आता माझ्या चुकीबद्दल. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा आमचा सगळा भर गाई-म्हशींवर. मांजर म्हणजे पुस्तकातले शेवटचे प्रकरण. गावात दवाखाना थाटला तेव्हा मांजरीचे पोट उघडण्याची सोय माझ्याकडे नव्हती आणि खरे सांगायचे तर हिंमतही नव्हती. १९९४ साली एक निवृत्त गुरुजी त्यांची सोनी नावाची मांजर घेऊन आले. पिले नको होती आणि ऑपरेशनची धास्ती होती. मी म्हणालो, "गुरुजी, काही काळजी करू नका. एक इंजेक्शन देतो, माजावर येणारच नाही." ते संप्रेरकाचे म्हणजे हार्मोनचे इंजेक्शन होते. चार-पाच महिन्यांनी एक, असे सात वर्षे चालले. गुरुजी प्रत्येक तारीख वहीत लिहून ठेवत. एकदाही चुकले नाहीत.

२००१ सालच्या दिवाळीनंतर त्यांना सोनीच्या पोटाखाली, मागच्या आचळाजवळ हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दोन महिन्यांत ती लिंबाएवढी झाली. पुण्याला नेऊन काढली, पण मार्चमध्ये सोनीला धाप लागायला लागली. कर्करोग छातीत उतरला होता. ती गेली त्यानंतर आठ दिवसांनी गुरुजी वही घेऊन दवाखान्यात आले. रागावले नाहीत. वही माझ्यापुढे ठेवून त्यांनी एवढेच विचारले, "डॉक्टर, यातलं कुठलं इंजेक्शन चुकलं का?"

मी "नाही" म्हणालो. खरे उत्तर "सगळीच" असे होते. या इंजेक्शनांनी आणि त्याच प्रकारच्या गोळ्यांनी मांजरीला स्तनाचा कर्करोग, गर्भाशयात पू होणे आणि मधुमेह होण्याचा धोका वाढतो, हे तेव्हाही पुस्तकांत छापलेले होते. मी वाचले नव्हते. आजही दुकानातून अशी गोळी आणून दुधात घालून देणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो. आणि हेही ध्यानात ठेवा की मांजरीच्या स्तनातली गाठ बहुधा साधी नसते. शंभरातल्या ८५ ते ९० गाठी कर्करोगाच्याच निघतात.

ही सारी हकीकत मी आजींना सांगितली. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे आकडेही सांगितले. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींत स्तनाच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला. सात महिने ते वर्ष या वयात केले तर ८६ टक्के. दुसऱ्या वर्षात केले तर फायदा ११ टक्क्यांवर आला आणि दोन वर्षांनंतर काहीच उरला नाही. ऑपरेशन कधीही केले तरी पिले थांबतात, गर्भाशयात पू होण्याची भीतीही जाते, पण हे संरक्षण मात्र लवकर करणाऱ्यालाच मिळते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मांजरीला आधी पिले झाली होती की नव्हती, याने कर्करोगाच्या बाबतीत काही फरक पडला नव्हता. म्हणजे 'एक वेत' होऊ दिल्याने तब्येतीला लाभ होतो, या समजुतीला आधार नाही.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते ठीक आहे हो. पण मुकी झाली तरी बाईची जात. तिची कूस उजवायला नको?"

मी म्हणालो, "आजी, तुमच्याकडे बैल होते ना? खोंड खच्ची करताना कधी असं वाटलं?"

"त्याला कोणी विचारलंय?" आजी म्हणाल्या, आणि नात फिस्कन हसली. मी तेवढ्यावर थांबलो. मांजरीला आई होण्याची हौस असते की नाही हे मला सांगता येणार नाही. माज हा शरीराचा रेटा असतो आणि अंडाशय काढले की तो रेटा उरत नाही, मांजर त्यासाठी झुरत बसत नाही, एवढे मात्र मी शेकडो मांजरींत पाहिले आहे.

तेव्हा वय चार ते पाच महिने. २०१७ साली अमेरिकन पशुवैद्यकांच्या संघटनेनेही पाच महिन्यांच्या आत ऑपरेशन करावे या शिफारशीला पाठिंबा दिला. पिल्लू अंगाने धडधाकट हवे, जंताचे औषध आणि लसी झालेल्या हव्यात. भूल देण्यापूर्वी उपाशी ठेवायचे, पण मोठ्या माणसासारखे रात्रभर नव्हे. एवढ्याशा जिवाच्या रक्तातली साखर लगेच उतरते. तीन-चार तास पुरतात. नेमके किती, ते आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. भुलीच्या वेळी लक्ष कोण ठेवणार, दुखण्यावर औषध देणार ना, हे विचारायला लाजू नये. चांगला डॉक्टर रागावत नाही.

घरी आणल्यावर एक चूक कृपा करून करू नका. "कण्हतेय" म्हणून आपल्या औषधाच्या डब्यातली गोळी तिला देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, अर्ध्या गोळीनेही ते दगावू शकते. टाके चाटू नयेत म्हणून गळपट्टी मिळते. ती नसेल तर तान्ह्या मुलाचे जुने झबले घालावे, पुढचे पाय बाह्यांतून काढून. नंतर वजन वाढते ही तक्रार खरी आहे, कारण शरीराची गरजच कमी होते. खाणे पावपटीने कमी केले की बहुधा भागते.

बोक्याचे ऑपरेशन त्याहून सोपे, पोट उघडावे लागत नाही. घरात मुतून ठेवण्याची आणि मारामाऱ्या करून कान फाडून घेण्याची सवय बहुतेकांची थांबते. मात्र त्यानंतर महिना-दीड महिना तो पिले जन्माला घालू शकतो, तेवढे दिवस त्याला माद्यांपासून दूर ठेवावे. लवकर केल्याने लघवीची नळी अरुंद राहते हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. पण ऑपरेशन झालेला असो वा नसो, बोका लघवीसाठी वारंवार कुंथत असेल आणि थेंब येत नसेल, तर सकाळपर्यंत थांबू नका.

आता सूनबाईंचा प्रश्न. त्यांच्या मनात भीती होती आणि ती खोटी नव्हती. आदल्याच आठवड्यात मनीने बाळाच्या गालावर ओरखडा काढला होता, डोळ्यापासून दोन बोटे खाली. त्यांची मावसबहीण अमेरिकेत असते. तिच्या शेजारच्या घरी मांजराची नखे कायमची काढून टाकली आहेत, असे तिने फोनवर सांगितले होते.

मी त्यांना त्यांचाच हात टेबलावर ठेवायला सांगितला. माणसाचे नख बोटाच्या कातडीवर असते. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवते. नख पुन्हा येऊ नये असे करायचे तर ते हाडच काढावे लागते. म्हणजे आपल्या प्रत्येक बोटाचे पेर शेवटच्या सांध्यापाशी छाटायचे. पुढच्या दोन पायांची मिळून अशी दहा हाडे. आणि मांजर आपल्यासारखे टाचेवर चालत नाही, बोटांवर चालते. अशा मांजराचे पाय पुढे कायमचे दुखू शकतात. मग ते वाळूच्या ट्रेमध्ये पाय ठेवायला नाखूश असते आणि नख नाही म्हणून दात वापरते. बाळाच्या दृष्टीने चावा ओरखड्यापेक्षा वाईट, तो खोल जातो आणि पिकतो.

अमेरिकेतही आता हे मागे पडते आहे. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली त्यावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये प्राणिकल्याणाच्या २००६ च्या कायद्याने ते गुन्ह्यात मोडते. आपल्याकडे १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणाऱ्या कायद्यात प्राण्याला अपंग-विद्रूप करणे हा गुन्हा आहे, आणि त्याच कायद्याने रीतसर खच्चीकरणाला मात्र मोकळीक ठेवली आहे. मी स्वतः नखांचे असे ऑपरेशन कधी केलेले नाही आणि करणारही नाही, असे सूनबाईंना स्पष्ट सांगितले.

"मग बाळाचं काय?" त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. मी मनीचा पंजा हातात घेतला, गादीवर हलके दाबले, नख बाहेर आले. नखाच्या मुळाशी गुलाबी भाग दिसतो, त्यात रक्तवाहिनी असते, तो सोडायचा. पुढचे पारदर्शक टोक बाळाच्या नेलकटरने कापायचे. दोन-तीन आठवड्यांनी एकदा, मांजर पेंगत असताना, एका बैठकीत सगळी झालीच पाहिजेत असा हट्ट न धरता. नातीने चौथे नख स्वतः कापले. शिवाय घरात एक लाकडी ओंडका उभा करावा, त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी. मांजर मागच्या पायांवर उभे राहून ताणले जाईल एवढा उंच हवा आणि हलता कामा नये. तो कोपऱ्यात नको, ती आज जे ओरबाडते त्या सोफ्याच्या शेजारीच हवा. आणि बाळ रांगत शेपटीशी पोहोचते तेव्हा मोठ्या माणसाने तिथे असावे, मांजराला उडी मारून बसायला एखादी उंच फळी मोकळी असावी.

तरीही ओरखडा निघालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांकडे न्यावे. रेबीज मांजराकडूनही होतो. हळद, चुना, तिखट काही लावू नये. "गालाचा ओरखडा दाखवला होता का?" मी विचारले. नव्हता दाखवला. मनीला रेबीजची लसही टोचलेली नव्हती. तिला लस मी तिथेच टोचली, आणि मायलेकरांना तसेच समोरच्या सरकारी रुग्णालयात पाठवले. मनी तोवर टोपलीत झोपली होती.

ऑपरेशनचा दिवस बाकीच्या लसी आणि जंताचे औषध आटोपून तीन आठवड्यांनंतरचा बुधवार ठरला. तोपर्यंत मनीला एकदाही बाहेर सोडायचे नाही, खिडक्यांना जाळी लावायची, हे आजींनीच नातीकडून दोनदा वदवून घेतले. निघताना दारात थांबून त्यांनी विचारले, "डॉक्टर, ते झबलं म्हणालात ते सुतीच पाहिजे का? याचं बारशाचं आहे पेटीत."

"सुतीच हवं, आजी. आणि बाह्या सैल."