चौकट : अनंत काणेकर (१९०५–१९८०)

पत्रकार, नाटककार, प्रवासी

काही काळ वकिली, मग ‘चित्रा’ साप्ताहिकाचं संपादन. १९३३मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या उभारणीत सहभाग. युरोप-रशियाचा प्रवास ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’मध्ये (१९४०) आला. लगेच ‘घरकुल’ (१९४१): इब्सेनच्या १८७९च्या ‘डॉल्स हाऊस’चं रूपांतर. मूळ नाटकाच्या शेवटी नायिका नोरा घर सोडते आणि खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो. रूपांतर म्हणजे उसनवारी, असा आक्षेप येतो. मग प्रवासवर्णनही उसनंच म्हणायचं का? परका मुलूख मराठीत आणण्याचं काम दोन्हींकडे एकच. १९५७च्या औरंगाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.