बारा बोरचा धक्का : नव्या बंदूकधारी शेतकऱ्यांनी आधी खांदा सांभाळावा, मग खर्च करावा

वर्धा : सोयाबीन शेंगेवर आलं, कपाशीला बोंडं धरली की कारंजा, आष्टी, आर्वी, सेलू या जंगलालगतच्या तालुक्यांत जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत एकरभर पीक लोळवून जातो, रोही वरून शेंडे खाऊन जातात. अशा वेळी पीक संरक्षणाचा परवाना काढून बारा बोरची बंदूक घेणारे शेतकरी आहेत. बंदूक हाती येते, पण ती खांद्याला कशी लावायची हे फार थोड्यांना कुणी नीट शिकवलेलं असतं. पहिलाच बार खांदा काळानिळा करतो, आणि दुसऱ्या बारापासून माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटून दचकतो. नेम चुकतो तो तिथेच.

हा प्रश्न फक्त खांद्याच्या दुखण्याचा नाही. दचकून मारलेला बार डुकराच्या पोटात किंवा पायात बसतो. जखमी डुक्कर तुरीच्या ओळीत दडी मारून बसतं आणि सकाळी कापूस वेचायला आलेल्या बाईवर उलटतं. शिवाय भरकटलेले छर्रे शेजारच्या धुऱ्यावर जागलीला झोपलेल्या माणसापर्यंत जाऊ शकतात.

धक्का येतो कुठून? छर्रे पुढे जितक्या जोराने जातात, तितक्याच जोराने बंदूक मागे येते. बंदूक हलकी आणि काडतूस भारी असेल तर धक्का जास्त. 32 ग्रॅम छर्ऱ्यांऐवजी 24 ग्रॅमचं काडतूस त्याच बंदुकीतून, त्याच वेगाने उडवलं तर धक्क्याचा जोर एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. ऑलिम्पिकच्या ट्रॅप स्पर्धेतले नेमबाजही 24 ग्रॅमचंच काडतूस वापरतात. म्हणून सराव हलक्या काडतुसावर करा. एलजी-एसजी हे मोठ्या छर्ऱ्यांचे बार शिकायसाठी नाहीत.

आता धरायची पद्धत. दस्ता दंडावर नको, गळ्याखालच्या हाडावरही नको. या दोहोंच्या मधे जो मऊ खळगा लागतो, त्यात घट्ट दाबून बसवा. धक्का लागेल म्हणून बंदूक खांद्यापासून बोटभर दूर धरणारे बरेच आहेत. त्याने उलट होतं, बंदूक ते अंतर वेगाने कापून येते आणि हातोड्यासारखी बसते. गाल दस्त्याला टेकलेला हवा, नाहीतर गालफडावर चापट बसते. उजव्या हाताचा माणूस असेल तर डावा पाय पुढे, गुडघा किंचित वाकलेला, अंगाचा भार पुढच्या पायावर. मागे रेलून उभं राहिलात की तोल गेलाच समजा.

मचाणावर गोष्ट आणखी वेगळी आहे. बसून खाली बार मारताना अंग पुढे झुकवता येत नाही, त्यामुळे पाठीला टेकू हवा. दुनळीचे दोन्ही चाप एकदम कधीच ओढू नका. कानात कापसाचे बोळे घालून भागत नाही, आवाजानेही माणूस दचकतो. कानावर लावायचे मफ घ्या. घरी रिकामी बंदूक दोनदा तपासून, नकली काडतूस घालून चाप ओढायचा सराव रोज दहा मिनिटं केला तरी दचकणं बरंच जातं.

वडिलोपार्जित बंदूक असेल तर एक गोष्ट आधी पाहा. जुन्या नळ्यांवर 65 मिलिमीटर किंवा अडीच इंच असा शिक्का असतो. बाजारातलं 70 मिलिमीटरचं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण न उडालेलं काडतूस घडी घातल्यामुळे आखूड असतं. उडताना मात्र ती घडी उघडायला जागा मिळत नाही. दाब वाढतो, धक्का वाढतो, जुनी नळी फाटूही शकते.

आता सुधारणांचं. पैसे पहिल्यांदा रबरी पॅडवर घाला. पण पॅडने दस्ता दोनेक सेंटिमीटर लांब होतो. दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवून बोट चापापर्यंत सहज पोहोचतं का, ते बघा. लांब होत असेल तर तेवढं लाकूड कापावं लागतं, आणि हे काम गावच्या सुताराचं नव्हे, परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याचं. लाकूड कापायचं नसेल तर वरून चढवायचं पॅड मिळतं. नळीखाली वजनदार टॉर्च लावला तर बंदूक जड होऊन धक्का थोडा कमी लागतो, पण तोंडाकडे भार गेल्याने हात लवकर थकतो.

काही 'सुधारणा' मात्र थेट गुन्हा आहेत. नळी आखूड करणं शस्त्र कायदा 1959 च्या कलम 6 मध्ये बसतं, आणि आखूड नळीची बंदूक उसळतेही जास्त. आवाज दाबणारं उपकरण प्रतिबंधित आहे. घरी दारू भरून काडतूस बनवण्याच्या नादी तर लागूच नका.

आणि परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही अनुसूची 2 मध्ये आहेत. मारण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी हवी. अर्ज वन परिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करा, पीक नुकसानीचे फोटो आणि सातबारा सोबत ठेवा. परवानगी हाती नसेल तर बार हवेतही विचार करूनच काढा, वर गेलेले छर्रे कुठेतरी खाली येतातच.