व्हॉल्व्ह-युगातील दूरचित्रवाणी संचाचे पुनरुज्जीवन : पद्धती व प्रश्न

प्रास्ताविक

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर वर्षभरातच, १९७३ मध्ये, सिंहगडावरील सहप्रक्षेपण केंद्रामुळे पुणे परिसरात चित्रवाणीचे आगमन झाले. राजगडाच्या माथ्यावर उभे राहिले असता उत्तरेकडील डोंगररांगांमधून सिंहगड ओळखण्याची सर्वांत सोपी खूण आजही हा मनोराच आहे. राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे हे वेल्ह्याकडील गाव सिंहगडापासून सरळ रेषेत पंधरा किलोमीटरांच्या आतच येते. मात्र ज्या कंपनलहरींवर हे प्रक्षेपण होत असे त्या प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे अशा खोऱ्यात अंतरापेक्षा आड येणारा डोंगर अधिक महत्त्वाचा ठरतो. एका घरावर स्वच्छ चित्र आणि पलीकडच्या वळणावर नुसत्या मुंग्या, हा मावळातील अनेक गावांचा परिचित अनुभव होय.

त्या काळातील लाकडी पेटीचे, सरकत्या झडपांचे आणि कुलूप-किल्लीचे संच आज माळ्यावर, शाळेच्या अडगळीच्या खोलीत किंवा महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात क्वचित आढळतात. वेस्टन, क्राउन, टेलिव्हिस्टा, डायनोरा ही नावे अनेकांना आठवतात. परंतु शासकीय धोरणाचा कल लघुउद्योगांकडे व राज्यांच्या महामंडळांकडे असल्याने याशिवाय कितीतरी लहान उत्पादक या व्यवसायात उतरले व काही वर्षांतच नाहीसे झाले. अशा अल्पज्ञात संचाची मंडलाकृती मिळणे दुरापास्त असते. तो संच हाच स्वतःचा एकमेव दस्तऐवज असतो आणि म्हणूनच त्याला हात लावण्यापूर्वी विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात या विचाराचे तांत्रिक अंग विशद केले आहे.

पहिली चूक

जुना संच सापडला की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ‘चालतो का पाहू’ अशी असते. पिन खोचली जाते, बटण दाबले जाते, आणि तीस वर्षे सुस्थितीत राहिलेला भाग मिनिटाभरात जळतो. संचाचे जितके नुकसान काळाने केलेले नसते तितके ही उत्सुकता करते, असे म्हणण्यास हरकत नाही. अशा संचांच्या बाबतीत पहिले काम पुसण्याचेही नाही. मागील पुठ्ठा काढून प्रत्येक बाजूचे छायाचित्र घेणे, पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेला व्हॉल्व्हच्या जागांचा तक्ता किंवा मंडलाकृती असल्यास तिची नक्कल करणे आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा नोंदवून ठेवणे, हे आधी व्हावे.

त्यानंतर सुरक्षिततेचा प्रश्न येतो. चित्रनलिका निर्वात असते. २० इंची नलिकेच्या पडद्यावर हवेचा एकंदर दाब एक टन वजनाहून अधिक भरतो. म्हणून तिच्या मानेला धक्का लागू न देणे हा पहिला नियम होय. शिवाय नलिकेची काच व तिच्या आतबाहेरील वाहक थर मिळून एक धारित्रच बनते. संच बंद केल्यावरही त्यावरील भार टिकून राहतो. तो नलिकेच्या बाहेरील वाहक थराला जोडलेल्या, चांगल्या मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरने उतरवावा लागतो, आणि या वेळी दुसरा हात खिशात ठेवण्याची जुन्या कारागिरांची सवय अनुकरणीय आहे.

तिसरा धोका अधिक फसवा आहे. या संचांत खर्चिक रोहित्र टाळण्यासाठी सांगाडा थेट वीजवाहिनीच्या एका तारेला जोडलेला असे. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की संपूर्ण सांगाड्यावर २३० व्होल्ट येत. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत डिमरस्टॅट सहज उपलब्ध असतो व त्यामुळे ‘आपण सुरक्षित आहोत’ असा समज होतो. डिमरस्टॅट हे स्वयंरोहित्र आहे. ते व्होल्टता कमी-अधिक करते, वीजवाहिनीपासून विलग करीत नाही. त्याआधी एकास एक प्रमाणाचे विलगक रोहित्र असणे अनिवार्य आहे.

एका माळेतील तंतू

या संचांच्या रचनेतील सर्वांत उद्बोधक भाग म्हणजे तापक तंतूंची मांडणी. युरोपीय पद्धतीत व्हॉल्व्हच्या नावातील पहिले अक्षर तापकाची जात सांगते. ‘पी’ म्हणजे ०.३ अँपिअर प्रवाहाचा तंतू. पुढील अक्षरे कार्य सांगतात : ‘एल’ म्हणजे शक्तिवर्धक पेंटोड, ‘वाय’ म्हणजे एकदिशकारक. पीएल ५०४ ला २७ व्होल्ट लागतात, पीवाय ८८ ला ३०, पीसीएल ८०५ ला १८, पीसीएफ ८०२ ला ९ आणि चित्रनलिकेला ६.३. हे सर्व तंतू दिवाळीच्या माळेतील दिव्यांप्रमाणे एकसरीत जोडलेले असतात. समजा, त्यांची एकंदर बेरीज १४० व्होल्ट झाली. उरलेले ९० व्होल्ट एका रोधकाने गिळावे लागतात. ०.३ अँपिअरला त्याचे मूल्य ३०० ओहम येते आणि त्यात २७ वॅट उष्णता निर्माण होते. पेटीच्या वरच्या कोपऱ्यातील लाकूड काळवंडलेले का असते, याचे उत्तर या साध्या गणितात आहे. बी.एस्सी.च्या प्रथम वर्षाला ओहमचा नियम शिकवताना याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

माळेतील एक तंतू तुटला की सर्वच विझतात. त्यामुळे ‘संच पूर्ण मृत आहे’ हे लक्षण प्रत्यक्षात अनेकदा सर्वांत सोपा दोष दर्शवते. वीज न देता साध्या मल्टिमीटरने एकेक तंतू तपासता येतो.

मात्र याच मांडणीतून एक पेच उद्भवतो. प्रथम चाचणी घेताना उच्चदाब विभाग अलग ठेवणे शहाणपणाचे असते. पण त्यासाठी पीएल ५०४ उपटून काढला तर माळच खंडित होते. म्हणून तो जागेवर ठेवून त्याच्या धनाग्राचा आणि पडदा-ग्रिडचा, असे दोन्ही विद्युत्पुरवठे सोडवावे लागतात. केवळ धनाग्र सोडवल्यास सगळा प्रवाह पडदा-ग्रिडकडे वळून ती नाजूक जाळी लाल होते व व्हॉल्व्ह निकामी होतो.

धारित्रे आणि मावळातील पाऊस

विद्युत्-अपघटनी धारित्रांतील ऑक्साइडचा पातळ थर दीर्घकाळ वापर नसल्यास क्षीण होतो. त्यांना मोठ्या रोधकातून हळूहळू व्होल्टता देऊन, गळती प्रवाह उतरत जातो का हे पाहत, तो थर पुन्हा घडवता येतो. गळती उतरत नसेल तर धारित्र बदलावे. मेणकागदी धारित्रांच्या बाबतीत मात्र दयामाया नको. वेल्हे परिसरातील पावसाळ्यात कागदाने ओल धरलेली असते आणि ती वरून दिसत नाही. बाहेरून निर्दोष दिसणारे धारित्र शेजारच्या ग्रिडवर धन व्होल्टता गळवत राहते.

जुने नळकांडे पोकळ करून त्यात नवे धारित्र बसवावे की उघडपणे नवा भाग लावावा, याबाबत मतभेद आहेत. पहिल्या रीतीने रूप जपले जाते, पण पुढील अभ्यासकाची फसवणूक होते. म्हणून संच अध्यापनासाठी असेल तर दुसरी रीत अधिक प्रामाणिक होय.

संचाचे हृदय

भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत एका चित्रचौकटीत ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चौकटी असत. म्हणजेच इलेक्ट्रॉन शलाका सेकंदाला १५,६२५ वेळा डावीकडून उजवीकडे धावे. प्रत्येक रेषेस ६४ मायक्रोसेकंद मिळत व त्यांपैकी सुमारे १२ शलाका मागे आणण्यासाठी राखून ठेवलेले असत. या परतीच्या क्षणी विचलन-वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी कोसळतो, रोहित्रात काही हजार व्होल्टचा ठोका उमटतो, आणि वरील सूक्ष्म तारेच्या वेटोळ्यात तो वाढून चित्रनलिकेला लागणारे सुमारे १५ ते १८ हजार व्होल्ट मिळतात. वाया जाणारी ऊर्जा पीवाय ८८ पुन्हा कामाला लावतो. हेच लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, मेकॅनिकांच्या बोलीत ‘ई.एच.टी.’. त्याची बारीक शीळ विद्यार्थ्यांना स्पष्ट ऐकू येते, प्राध्यापकांना बहुधा येत नाही.

व्हॉल्व्ह पर्यायी मिळू शकतो. पुण्याचा जुना बाजार, बुधवार पेठेतील तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथे चिकाटीने शोधल्यास जुना साठा हाती लागतो. परंतु अल्पज्ञात उत्पादकाचे हे रोहित्र दुसऱ्या संचाचे बसत नाही. त्यातील वेटोळ्यांनी ओल धरली असेल तर साध्या विजेच्या दिव्याच्या उबेत ते काही दिवस सुकवावे लागते. घाई केल्यास मेण वितळते आणि वेटोळे सुटते.

पीएल ५०४ ला आपली ऋण व्होल्टता दोलकाकडून येणाऱ्या संकेतातूनच मिळते. दोलक थांबला की ती नाहीशी होते, धनाग्र लालबुंद होते आणि प्रवाहाच्या या पुरात रोहित्र जळते. म्हणून पुरवठा पुन्हा जोडण्यापूर्वी त्या ग्रिडवर काही दशक व्होल्ट ऋण दाब दिसतो की नाही, हे मीटरवर पाहिलेच पाहिजे. ग्रिडकडे जाणारे युग्मन धारित्र आधीच बदललेले असावे. संपूर्ण पुनरुज्जीवनात एकच मापन करायचे झाले तर ते हे होय. ऋण दाब दिसत नसेल, तर त्या दिवशी काम थांबवावे.

चित्र कोणते दाखवावे?

सर्व काही सुरळीत झाले, पडदा उजळला, तरी संचाला दाखवण्यासारखे काही उरलेले नाही. दूरदर्शनची बहुतेक अॅनालॉग भूप्रक्षेपणे २०२२ पर्यंत बंद झाली. खोऱ्यातील घरांवरचे अॅल्युमिनियमचे अँटेना आता केवळ धातू आहेत. संचाला संकेत द्यायचा तर त्याच पद्धतीचा, चित्र व ध्वनी यांत ५.५ मेगाहर्ट्झचे अंतर राखणारा व्ही.एच.एफ. मॉड्युलेटर हवा. बाजारात मिळणारे अनेक मॉड्युलेटर यू.एच.एफ. पट्ट्यात काम करतात व तो पट्टा या संचांच्या ट्यूनरला ठाऊकच नाही. जुन्या संचांचे प्रवेशाग्र ३०० ओहमच्या पट्टी-तारेसाठी असते. त्यामुळे ७५ ओहमच्या केबलसाठी मध्ये जुळणी-रोहित्र घालावे लागते. संकेत केबलनेच द्यावा, अँटेनाने हवेत सोडू नये.

पहिल्या चाचणीत पडद्याच्या मध्यावर एकच तेजस्वी आडवी रेषा आली तर उभ्या विचलनाचा पीसीएल ८०५ किंवा त्याचा परिसर दोषी असतो. अशा वेळी प्रखरता तत्काळ कमी करावी, अन्यथा त्या रेषेचा डाग पडद्यावर कायमचा राहतो. ट्यूनरच्या गोल खुंटीचे संपर्कबिंदू स्पिरिटने पुसून, ती सर्व खाचांतून काही वेळा फिरवली की चित्र स्थिरावते. काढलेला प्रत्येक भाग लहान पाकिटात, त्याची मूळ जागा व काढल्याची तारीख लिहून, त्याच लाकडी पेटीच्या तळाशी ठेवावा. छायाचित्रांची एक प्रतही तेथेच असावी, कारण पुढे मागचा पुठ्ठा उघडणाऱ्याजवळ दुसरी कोणतीही मंडलाकृती नसेल.