रेटिनॉल म्हणजे कोल्ड क्रीम नव्हे!

परवा एक नवविवाहिता पदराने चेहरा झाकून दवाखान्यात आली. गाल लालबुंद, सालपटे निघालेली. जावेच्या सांगण्यावरून रेटिनॉल क्रीम सकाळ-संध्याकाळ चोपडत होती.

रेटिनॉल हे 'अ' जीवनसत्त्वाचेच एक रूप. त्वचेत त्याचे रेटिनॉइक आम्ल बनते व पेशी लवकर बदलू लागतात. सुरुवातीची आग, कोरडेपणा त्यामुळेच. तेलकट, मुरुमांच्या त्वचेला जेल बरे. कोरड्या त्वचेला आधी मॉइश्चरायझर, मग क्रीम. इसब असेल तर नादी लागू नये. वाटाण्याएवढे पूर्ण चेहऱ्याला पुरते, तेही रात्रीच, आठवड्यातून 2 वेळा. दिवसा सनस्क्रीन हवेच. गुण यायला 3 महिने लागतात, पण इतकी सबुरी कोणाला? आपल्या सावळ्या कातडीवर अशा दाहाचे काळे डाग महिनोन्महिने राहतात.

ती उठताना मी सहज विचारले, "पाळी कधी आली होती?" दीड महिना झाला होता. गर्भारपणी रेटिनॉल वर्ज्य. क्रीम तिथेच बंद केले. "कातडीतून रक्तात फार थोडे जाते, घाबरू नकोस पोरी," असे सांगून लघवी तपासायला पाठवले.