क्रिप्टोची चावी कोणाच्या हाती?

जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईतील एका महिलेने वझीरएक्स या एक्स्चेंजवर १,९८,५१६ रुपयांचे ३,५३२.३० एक्सआरपी कॉइन घेतले. १८ जुलै २०२४ ला या एक्स्चेंजच्या एका वॉलेटवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टोकरन्सी चोरीला गेली. चोरांनी नेलेली टोकन इथेरियमवरची होती. एक्सआरपी त्यात नव्हते, तरी या महिलेचेही खाते गोठवले गेले. मोबाइलवर शिल्लक दिसत होती, पण काढता काहीच येत नव्हते.

नुकसान सर्व ग्राहकांनी वाटून घ्यावे, अशी योजना पुढे आली तेव्हा ती मद्रास उच्च न्यायालयात गेली. २५ ऑक्टोबर २०२५ ला न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळता येते, असा निर्णय दिला. लवादाचा निकाल लागेपर्यंत तिच्या कॉइनपोटी साडेनऊ लाखांची बँक हमी किंवा तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचा आदेशही दिला.

निर्णय दिलासा देणारा आहे, पण तो मिळेपर्यंत सव्वा वर्ष गेले. म्हणूनच क्रिप्टो घेतली असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर ती ठेवायची कुठे हे आधी ठरवा.

वॉलेटमध्ये असते काय?

वॉलेटमध्ये कॉइन नसतातच. कॉइनची नोंद ब्लॉकचेनवर असते आणि ती हलवण्याची गुप्त चावी, म्हणजे प्रायव्हेट की, वॉलेटमध्ये असते. जिच्या हाती चावी, तिच्या हाती पैसा. एक्स्चेंजवर कॉइन ठेवणे म्हणजे आपले दागिने शेजारच्यांच्या कपाटात ठेवून किल्लीही त्यांनाच देणे. त्यांच्याकडे चोरी झाली तर आपला डबा शाबूत असूनही हाती येईल याची खात्री नाही. बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो, क्रिप्टोला तो नाही.

पर्स, कपाट आणि लॉकर

घरातले सगळे पैसे आपण एकाच ठिकाणी ठेवत नाही. क्रिप्टोचेही तसेच करा.

एक्स्चेंज : खरेदी-विक्रीपुरतीच रक्कम इथे ठेवा. एक्स्चेंज भारताच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेले आहे का, ते पाहा. मात्र नोंदणी म्हणजे पैशाची हमी नव्हे.

मोबाइल वॉलेट : याला हॉट वॉलेट म्हणतात, कारण ते इंटरनेटला जोडलेले असते. चावी तुमच्याकडे असते, पण फोनमध्ये व्हायरस शिरला तर धोका आहे. पर्समध्ये ठेवाल तेवढेच इथे ठेवा.

हार्डवेअर वॉलेट : पेन ड्राइव्हसारखे छोटे उपकरण. चावी त्यातच राहते, इंटरनेटवर येत नाही. दीर्घ मुदतीची, मोठी रक्कम इथे ठेवा. ते कंपनीकडून किंवा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, वापरलेले नको. डब्यात गुप्त शब्द आधीच छापलेले आढळले तर ते मुळीच वापरू नका.

हा फरक किती मोलाचा आहे ते जुलै २०२५ मध्ये दिसले. कॉइनडीसीएक्सच्या कामकाजाच्या खात्यातून सुमारे ४.४ कोटी डॉलर चोरीला गेले. ग्राहकांचे कॉइन इंटरनेटपासून दूर, कोल्ड वॉलेटमध्ये असल्याने सुरक्षित आहेत, असे कंपनीने सांगितले आणि तोटा स्वतः सोसला.

वझीरएक्सच्या वॉलेटला तर व्यवहारासाठी अनेकांच्या मंजुऱ्या लागत होत्या. कंपनीच्या म्हणण्यानुसार पडद्यावर दिसलेला व्यवहार एक होता आणि मंजुरी मिळाली ती दुसऱ्यालाच. तेव्हा हार्डवेअर वॉलेट वापरतानाही त्याच्या स्वतःच्या पडद्यावर पत्ता आणि रक्कम वाचूनच बटण दाबा. पहिल्यांदा छोटी रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करा.

ते १२ किंवा २४ शब्द

स्वतःचे वॉलेट सुरू करताना बहुधा १२ किंवा २४ इंग्रजी शब्द मिळतात. हाच सीड फ्रेज. उपकरण हरवले तरी या शब्दांवरून सगळे परत मिळते आणि शब्द दुसऱ्याला कळले तर सगळे जाते.

* शब्द क्रमाने कागदावर लिहा. फोटो, व्हॉट्सॲप, ईमेल नको.
* दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा, उदा. घरात आणि बँक लॉकरमध्ये.
* मोठी रक्कम टाकण्याआधी या शब्दांवरून वॉलेट पुन्हा सुरू करून पाहा.
* 'सपोर्टमधून बोलतोय' म्हणत कोणी शब्द मागितले तर तो ठग समजा. फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर कळवा.

घरच्यांना माहीत आहे का?

स्वतःच्या वॉलेटला ना नॉमिनी असतो, ना पासवर्ड बदलून देणारी शाखा. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले आणि शब्द कोणालाच सापडले नाहीत, तर न्यायालयाने मान्य केलेली मालमत्ताही वारसांच्या हाती येणार नाही. मृत्युपत्रात क्रिप्टोचा उल्लेख करा, पण शब्द त्यात लिहू नका. ते कुठे ठेवले आहेत, एवढे घरातील एका विश्वासू व्यक्तीला आजच सांगून ठेवा.