कापसाची तेजी आणि दख्खनचा कुणबी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतील कुणबी जमले, आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल करून त्यांच्याजवळचे रोखे, गहाणखते आणि खतावण्या हस्तगत करून त्यांची होळी केली. धान्याची दुकाने लुटली गेली, क्वचित एखाद्या घरालाही आग लागली. परंतु रक्तपाताकडे या जमावाचा कल नव्हता, त्याचा रोष कागदावर होता. लवकरच हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील ३० हून अधिक गावांत पसरले. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ या नावाने नोंदल्या गेलेल्या या प्रकरणाची कारणे शोधू गेल्यास सावकाराच्या ओसरीवर थांबून भागत नाही. त्यांचा माग मुंबईच्या कापूसबाजारातून लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत आणि तेथून अटलांटिक महासागरापलीकडील रणांगणापर्यंत जातो. दूर देशी उद्भवलेला आघात एखाद्या गरीब, शेतीप्रधान देशाच्या अर्थव्यवहारात कोणत्या वाटेने शिरतो आणि त्याचा भार अखेर कोणाच्या पाठीवर स्थिरावतो, हे समजून घेण्यास याहून बोलके उदाहरण विरळाच सापडेल.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड लागले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली, तेव्हा जो इंग्लंड देश आपल्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून आणीत असे, त्याची दृष्टी साहजिकच हिंदुस्थानाकडे वळली. गुजरात, खानदेश, वऱ्हाड आणि धारवाड येथील कापूस मुंबई बंदरात लोटू लागला, भाव पाहता पाहता कित्येक पटींनी चढले, आणि युद्धाच्या चार-पाच वर्षांत एरवीच्या किमतीहून सुमारे आठ कोटी पौंड अधिक मुंबईच्या पदरात पडले, असा हिशेब त्या काळी मांडला गेला. इतके द्रव्य इतक्या अल्पावधीत ज्या शहरात येऊन पडते, तेथे ते पेढीत शांतपणे विसावत नाही. नव्या बँका, नव्या कंपन्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना यांना ऊत आला. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला भाग ५०,००० रुपयांपर्यंत चढला. आणि प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याच्या दुनियेचे अनभिषिक्त राजे ठरले. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांच्या परतफेडीची वेळ येताच पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. खुद्द सरकारचे भांडवल जीत गुंतले होते ती बँक ऑफ बॉम्बेही पुढे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

मुंबईचा हा उत्कर्ष आणि ऱ्हास पुष्कळ ठिकाणी रंगवून सांगितला जातो, कारण त्यात नाट्य आहे. घाटावर जे घडले त्यात असे नाट्य नव्हते; ते संथपणे, दप्तरांतून आणि कचेऱ्यांतून घडले, आणि म्हणूनच ते अधिक काळ टिकले. भीमथडी-इंदापूरकडील कोरडवाहू मुलूख हा मोठा कापूसप्रदेश नव्हे. तरी तेजीचा ओलावा त्यालाही मिळाला होता. धान्याचे भाव चढले, गाडीभाड्याला तेजी आली, लोहमार्गाच्या कामांवर मजुरी मिळू लागली, आणि मुंबईहून निघालेला पैसा लहान-मोठ्या सावकारांच्या साखळीतून खेड्यापर्यंत पोचून कुणब्याला पूर्वी कधी न मिळालेली पत मिळू लागली. त्याने बैल घेतले, विहीर खणली, लग्नकार्यात हात सैल सोडला. चढता भाव उद्याही असाच राहील, ही त्याची समजूत चुकीची ठरली खरी, पण मुंबईच्या विद्वान सटोडियांची समजूत तरी त्याहून कोठे निराळी होती?

तेजी ओसरली तेव्हा वरच्या थरातील पेढ्यांनी आपला पैसा खालच्या पेढ्यांकडे मागितला, खालच्यांनी गावच्या सावकाराकडे, आणि सावकाराने कुळाकडे. नवे कर्ज बंद झाले आणि जुन्याचा तगादा सुरू झाला. नेमक्या याच सुमारास सरकारी साऱ्याची फेरपाहणी आली. इंदापूर तालुक्यात १८३६ पासून अमलात आलेल्या जमाबंदीची ३० वर्षांची मुदत संपली होती, आणि नवे दर ठरविणाऱ्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेजीच्या वर्षांतील भाव होते. परिणामी कित्येक गावांचा सारा दीडपटीपर्यंत, काहींचा त्याहूनही अधिक वाढला. भाव उतरणीला लागले असता वाढीव हप्ता मात्र कायम झाला. पुणे सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध रयतेच्या वतीने तक्रार मांडली, आणि पुढे सरकारलाच वाढीवर मर्यादा घालणे भाग पडले. पण तोवर हप्ता भरण्यासाठी काढलेली कर्जे सावकाराच्या वहीत चढून बसली होती.

तिसरा पेच न्यायाचा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षे ठरविली, ती ऋणकोच्या संरक्षणासाठी, जुनी देणी पिढ्यान् पिढ्या लांबू नयेत म्हणून. व्यवहारात उलटेच झाले. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी, आणि व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये हा दामदुपटीचा जुना नियम अशा रीतीने कागदावर अबाधित राहून व्यवहारात निष्फळ होई. निरक्षर कुणबी अंगठा उठवी. फिर्याद झाली तर मुन्सफाच्या कचेरीत जाण्याचे धैर्य व खर्च यांच्या अभावी गैरहजर राही. एकतर्फी हुकूमनामा होई, जप्ती येई आणि जमिनीचा लिलाव पुकारला जाई.

या सर्व घटनाक्रमातून एक सूत्र निघते. रयतेचे उत्पन्न भावाबरोबर आणि पावसाबरोबर वरखाली होते. तिचे देणे मात्र हलत नाही. सारा ठरलेला, व्याज ठरलेले, मुदत ठरलेली. तेजीत होणारा लाभ अडते, दलाल, पेढीवाले यांच्या हातांतून गळत गळत तिच्यापर्यंत पोचतो, आणि मंदीत होणारा तोटा मात्र त्याच साखळीने वेगाने, व्याजासह खाली उतरतो. ज्याच्याजवळ शिल्लक आहे तो आघात झेलून वाट पाहू शकतो. ज्याच्याजवळ नाही, त्याला आपले बैल, आपली जमीन किंवा आपले श्रम पडत्या भावाने विकावे लागतात, आणि अशा विक्रीने तो पुढच्या चांगल्या हंगामाचा लाभ घेण्याची शक्तीच गमावून बसतो. संकट टळल्यावरही दारिद्र्य का टळत नाही, याचे उत्तर येथे आहे.

याच कापसाने इजिप्तमध्ये काय केले तेही पाहण्याजोगे आहे. तेथील खेदिव इस्माईलने तेजीच्या बळावर युरोपीय सावकारांकडून अलोट कर्ज उचलले. भाव उतरले तरी हप्ते उतरले नाहीत, १८७६ मध्ये राज्य दिवाळखोर झाले, तिजोरीवर परकी धनकोंची देखरेख आली, आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौजेने तो देशच व्यापला. दख्खनच्या कुणब्यावर जे गुदरले तेच येथे एका राष्ट्रावर गुदरले. लँकेशायरमध्ये मात्र कापसाअभावी लाखो कामगार बेकार झाले असता मदतमंडळे उभी राहिली, आणि १८६३ मध्ये खास कायदा करून नगरपालिकांना सार्वजनिक कामांसाठी सरकारी कर्जे देण्यात आली. तेथेही हाल थोडे झाले नाहीत. तथापि त्यांची दाद लागण्याचे ठिकाण होते. एकाच साम्राज्यात, एकाच दशकात, एकाच वस्तूच्या उलथापालथीने गांजलेल्या दोन श्रमिकवर्गांच्या नशिबात हे अंतर पडले, ते राजकीय वजनाचे अंतर होते.

दंग्यांनंतर आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला, आणि त्यातून सावकारावर जेवढा प्रकाश पडला तेवढा सरकारी साऱ्यावर पडला नाही. दरम्यान १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला होता, आणि आधीच्या आघाताने शिल्लक संपलेल्या कुटुंबांवर तो दुसरा आघात होता. १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणे, अहमदनगर, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांना लागू झाला; रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला आणि कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. परंतु या कायद्याने अन्यायी कर्जाचे दार अर्धवट का होईना लावले, तरी न्याय्य कर्जाचे दार उघडले नाही. सावकारांनी हात आखडला, काहींनी कर्ज खरेदीखताच्या रूपात लिहून घेण्यास प्रारंभ केला, आणि सहकारी पतपेढ्यांचा कायदा येण्यास १९०४ साल उजाडावे लागले.

महाराष्ट्राने या प्रश्नाला खरे उत्तर दिले ते शंभर वर्षांनंतर. १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७३ च्या उन्हाळ्यात, दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा त्यात हक्क ठरला, आणि खर्चासाठी मुख्यत्वे शहरांतील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. १८६५ मध्ये शहराच्या मंदीचा भार खेड्यावर उतरला होता. येथे खेड्याच्या आपत्तीचा भार शहराने उचलावा, असे प्रथमच कायद्याने ठरले. या योजनेच्या अंमलबजावणीत खोट्या हजेरीपटांपासून थकलेल्या मजुरीपर्यंत अनेक दोष शिरले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्यामागील तत्त्व निर्दोष होते, आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने त्याचाच विस्तार केला.

विकसनशील देशांना जागतिक बाजारापासून अलिप्त राहता येणार नाही, आणि पर्जन्यावर कोणाची हुकमत चालत नाही. आघात येत राहणार, हे गृहीतच धरले पाहिजे. तेव्हा सरकारची पारख आघातानंतर वाटलेल्या मदतीच्या आकड्यांवरून करू नये. उत्पन्न घटले की देणेही आपोआप घटावे, काम मागणाऱ्याला ते त्याच आठवड्यात मिळावे, आणि तेजीच्या वर्षांतील काही भाग पडत्या वर्षांसाठी राखून ठेवला जावा, अशी व्यवस्था संकट येण्यापूर्वी अस्तित्वात होती की नाही, हीच खरी कसोटी. ती जेथे नाही तेथे मदत उपकाराची राहील. हक्काची होणार नाही.